मापापुरती

"आई, हा एक डिलीट करू का? किल्ला पार ब्लर आलाय," आश्लेषा म्हणाली आणि तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी ओट्यापाशी कोबी चिरत होते. सून ऑफिसातून आल्यावर रोज थोडा थोडा वेळ काढून सासऱ्यांच्या जुन्या स्लाइड्स स्कॅन करत होती, आणि मधूनमधून असं काहीतरी विचारायची. हे कुठलं गाव, ही कोण बाई, हा डाग काढू का. मी चष्मा वर सरकवून पाहिलं. पडद्यावर बुटकी, तरुण बाई उभी होती. अंगात मरून रंगाचा ओव्हरकोट, खाली साडीचा चार बोटांचा काठ, काठाला चिखल. तिच्या मागे करडं काहीतरी होतं. भिंत म्हणा, आभाळ म्हणा. पण बाई मात्र इतकी स्पष्ट होती की कपाळावरचं कुंकू जरासं डावीकडे सरकलेलंही दिसत होतं. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. डाव्या हाताला, खाली, उतारावर कुठेतरी बघत होती. ही मी आहे हे मला लगेच कळलं, त्यात काही विशेष नाही. वेल्समधल्या डेन्बीच्या किल्ल्याच्या सगळ्याच फोटोंत मी आहे. पण हा फोटो मी कधी पाहिला नव्हता. बेचाळीस वर्षं तो आमच्याच घरात, स्लाइड्सच्या आमच्याच पिवळ्या डब्यात होता, आणि मी तो पाहिला नव्हता. मग मला कोटाची बटणं दिसली. खालपासून वरपर्यंत सगळी लावलेली. सुरी ओट्यावर ठेवली तेव्हा माझ्या हाताला येणारा कोबीचा वास एकदम नाकात भरला.

हे, म्हणजे डॉक्टर मोरेश्वर ठोसर, येत्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या बैठकीत 'वेल्सचे किल्ले' या विषयावर बोलणार होते. अमेरिकेत येण्याआधी आम्ही चार वर्षं वेल्समध्ये होतो. तिथल्या खेड्यापाड्यांच्या इस्पितळांत तेव्हा निम्मे डॉक्टर आपल्याकडचे असत. रविवारी सुट्टी मिळाली की यांचा कॅमेरा, माझे सँडविचचे डबे, आणि बस. कॉन्वी, रडलन, हार्लेक, फ्लिंट, समुद्राच्या कडेनं पहिल्या एडवर्ड राजानं बांधलेली ती सगळी साखळी. पुढे सीमेवरचे लडलो, माँटगोमेरी, क्लन, आणि आम्ही राहायचो त्या गावाच्या डोक्यावरच असलेला डेन्बीचा. हे मूळचे साताऱ्याचे. लहानपणी अजिंक्यताऱ्यावर रोज पळत जाणारा मुलगा. किल्ला दिसला की त्यांना आपल्याच घरचं कोणी भेटल्यासारखं व्हायचं. फोटो काढताना ते मला भिंतीपाशी उभं करायचे, मापासाठी. तुझी उंची ठाऊक आहे, त्यावरून तटाची काढता येते, म्हणायचे. घरी पाहुणे आले की पांढरी चादर लावून स्लाइड्स दाखवायचे, आणि प्रत्येक किल्ल्यापाशी तेच वाक्य असायचं: "शैलजा, पाच फूट एक इंच. आता बुरूज मोजा." लोक हसायचे. मीही हसायचे. पुढे पुढे चहा करायला उठायला लागले. कितीतरी घरांत, कितीतरी चादरींवर मी अशी भिंतीला टेकवलेल्या मोजपट्टीसारखी उभी राहिले आहे. नवऱ्यानं बायकोचे इतके फोटो काढावेत आणि त्यातल्या एकातही तिच्याकडे बघू नये, याचा राग मला यायचा, पण तो असा लहान राग होता की बोलून दाखवला असता तर मलाच हसू आलं असतं.

आम्ही ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो त्या मिसेस पॅरी साठीच्या, विधवा, चॅपलला जाणाऱ्या. त्यांच्याकडे आपसात सगळे वेल्श बोलायचे, आम्ही आत गेलो की इंग्रजी. पहिल्या दिवाळीला यांनी हौसेनं परसातल्या भाजीच्या वाफ्यातली माती काढून किल्ला केला. दिवाळीत किल्ला करायचाच, मूल नसलं घरात तरी. आणि मिसेस पॅरींना बरं वाटावं म्हणून यांनी रायगड-प्रतापगड न करता डेन्बीचाच केला. तो तीन बुरुजांचा दरवाजा, गावाला कवेत घेणारा तट, सगळं हुबेहूब. तिथे अळीव सहज मिळायचं, ते मी उतारावर पेरलं होतं. चार दिवसांत हिरवंगार उगवलं. आम्ही त्यांना हात धरून परसात नेलं आणि हे म्हणाले, पाहा, तुमचा किल्ला. त्यांनी एकेक बुरूज नीट पाहिला. मग अगदी सौम्यपणे म्हणाल्या, डॉक्टर, तो आमचा नाही. तो आमच्यावर बांधलेला आहे. त्या तटाच्या आत आमच्या माणसांना राहायचीदेखील मुभा नव्हती. आम्ही दोघं तिथे पणत्या हातात घेऊन उभे. किल्ला म्हटला की तो ज्या गावाच्या डोक्यावर असतो त्या गावाचा, त्या गावाच्या अभिमानाचा, याच्यापलीकडचं आमच्या मनात कधी आलंच नव्हतं. आपल्याकडचं पोरसुद्धा असंच समजेल. हे कानापर्यंत लाल झाले. मिसेस पॅरींनी मग खाली वाकून अळिवावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ही हिरवळ मात्र माझ्या मातीतली आहे, छान आलीय.

त्या दिवसापासून त्या आम्हाला जरा जास्त आपल्यात धरू लागल्या. चूक करणाऱ्या माणसाबद्दल कधीकधी अशी माया वाटते. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या कोळशाच्या चुलीपाशी बसून त्या सांगायच्या. हा किल्ला बांधणारा सरदार डी लेसी. त्याचा थोरला मुलगा म्हणे किल्ल्यातल्या विहिरीत पडून मेला, आणि मग त्या सरदाराचं बांधण्यावरचं मनच उडालं. म्हणून तो अर्धवट राहिला. शत्रूच्या मुलाची गोष्ट, पण सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. यांनी ती गोष्ट त्या हिवाळ्यात दोन-चार वेळा पाहुण्यांना सांगितली. इतिहासात आधार नाही, पण लोकांच्या तोंडी आहे, असं वर म्हणायचे. मला तेव्हा दिवस होते. कोट पुढून बंद व्हायचा नाही. नाताळानंतरच्या सगळ्या स्लाइड्समध्ये मी कोट उघडा टाकून, हातांनी दोन्ही बाजू धरून उभी आहे. कॉन्वीला, रडलनला, वाऱ्यात. त्या फोटोंतसुद्धा बुरुजांचा दगडन् दगड मोजता येतो. मी थोडी हललेली असते.

मार्चमध्ये ती गेली. मुलगी होती, एवढं नर्सनं सांगितलं. श्वास घेतलाच नव्हता. त्या काळी दाखवत नसत. दाखवू नये, आईला त्रास होतो, असं मानायचे. मी पलंगावर पडून छताकडे बघत होते आणि छताला एक तडा होता, तो खिडकीपर्यंत जात होता. आपल्यात एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात, हे यांनी तिथे कुणाला कसं समजावलं असेल मला माहीत नाही. इस्पितळ त्याच्या पद्धतीनं काय ते करणार होतं. तेव्हा मिसेस पॅरी आल्या. मी गुंगीत होते, पण त्यांचे शब्द आजही जसेच्या तसे आठवतात. त्या यांना म्हणाल्या, वरचा किल्ला आमचा नाही, पण चॅपलची जमीन आमची आहे, तिथे माझ्या माणसांच्या शेजारी जागा आहे. आमच्या चॅपलमध्ये पुरताना बाप्तिस्मा झाला होता का, असं विचारत नाहीत. हे आणि मिसेस पॅरींचा भाऊ दोघंच पेटी घेऊन गेले. परत आले तेव्हा यांच्या बुटांना चिखल होता. मी विचारलं नाही, पण डोळ्यांनी विचारलं असेल, कारण हे म्हणाले, "झालं." तेवढंच. बेचाळीस वर्षांत त्यावर दुसरा शब्द नाही.

घरी आल्यावर दूध येऊ लागलं. शरीराला कुणी काही कळवलेलंच नव्हतं. मिसेस पॅरी सकाळ-संध्याकाळ परसातून गार कोबीची पानं आणून माझ्या छातीवर बांधायच्या, दूध आटावं म्हणून तिथे तशी रीत होती. त्यानंतरच्या रविवारी हे म्हणाले, चल, किल्ल्यावर जाऊन येऊ. मला वाटलं, हा माणूस दगडाचा आहे. तरी गेले, कारण घरात त्या पाळण्यासाठी रिकाम्या केलेल्या कोपऱ्याकडे बघत बसण्यापेक्षा चढ चढणं बरं. कोट घातला आणि बटणं सहज लागली. सगळी. आत कोबीची पानं, वर लोकर, आणि चढताना पानं करकरत होती. दरवाज्यापाशी आल्यावर हे नेहमीसारखं म्हणाले, "उभी राहा." मी उभी राहिले. आज पण. आज पण मी मापाला हवी आहे. माझ्या डाव्या हाताला खाली उतार होता, उतारावर स्लेटच्या छपराचं बुटकं चॅपल. मी तिकडे पाहिलं. कॅमेऱ्याचा खटका वाजला. मग आम्ही खाली आलो. चॅपलच्या आवारात गेलो नाही. मला वाटलं हे म्हणतील. कदाचित यांना वाटलं मी म्हणेन. दोन वर्षांनी आम्ही अमेरिकेत आलो, वूस्टरला, आणि पुढे घर घेताना यांनी शेजारचं श्रूजबरी गाव निवडलं, कारण म्हणे नाव ओळखीचं होतं. वेल्सच्या सीमेवरच्या श्रूजबरीला आम्ही गाडी बदलायचो. स्टेशनाच्या डोक्यावरच लाल दगडाचा किल्ला आहे. नंतर केदार झाला, मोठा झाला, लग्न झालं, आश्लेषा आली, आरोही झाली. केदारला आपल्याआधी कुणी होतं हे ठाऊक नाही. सांगायची वेळ कधी आली नाही, आणि मग सांगायची वेळ निघून गेली. विहिरीची गोष्ट यांनी त्यानंतर कधीच कुणाला सांगितली नाही. डेन्बी अर्धवट का राहिला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, पैसे संपले असतील.

"आई? करू डिलीट?" आश्लेषानं परत विचारलं. तिचा कर्सर त्या बाईच्या गळ्यापाशी थांबला होता. आरोही पलीकडे गृहपाठ करत होती. तिनं मान उंचावून बघितलं आणि म्हणाली, "नो, कीप इट. आजी लुक्स सॅड बट प्रिटी." मी म्हटलं, नको काढूस. मग आश्लेषानं विचारलं की कुठे टाकू, लास्टला टाकू का, का बाबांना विचारून घेऊ? मी म्हटलं, डब्यात जिथे होता तिथेच राहू दे, डेन्बीच्या दरवाज्यानंतर. आणि बाबांना विचारू नकोस. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, "ओके," म्हणाली. शहाणी मुलगी आहे.

पुढचे दोन दिवस मी त्या एका गोष्टीभोवती फिरत होते. हे फोटोत कधी चुकत नसत. उजेड, अंतर, सगळं मोजून मग खटका. मग किल्ला अस्पष्ट आणि मी स्पष्ट, हे कसं झालं? एक तर त्या दिवशी हात थरथरला आणि भलतीकडेच माप लागलं. तसं असेल तर ती नुसती खराब स्लाइड, म्हणून चादरीवर कधी आली नाही. किंवा त्या दिवशी हे किल्ल्याकडे बघतच नव्हते. पण मग मला का नाही दाखवली? आणि टाकून तरी का नाही दिली? मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की बेचाळीस वर्षं ते चॅपल मी एकटी उराशी घेऊन हिंडले की दोघं. या वयात विचारणं अवघड नव्हतं. जेवताना समोरासमोर बसतो, ते आमटीत भात कालवतात, मला मीठ पुढे सरकवायला सांगतात. "अहो, त्या दिवशी" एवढे दोनच शब्द. पण ते उच्चारले आणि हे "कुठल्या दिवशी?" म्हणाले तर? त्या उत्तराची मला इतकी भीती होती की त्यापेक्षा न विचारलेलं बरं वाटत होतं. आणि आता मी विचारण्याऐवजी ती स्लाइड लोकांसमोर त्यांच्यापुढे टाकणार होते. शुक्रवारी हे हॉलमध्ये फेऱ्या मारत भाषणाची उजळणी करत होते, एक हात मागे, जसे राउंडला जायचे तसे, आणि पंचाहत्तरीच्या माणसाची ती वाकलेली मान बघून मला स्वतःचीच लाज वाटली. शनिवारी गाडीत बसेपर्यंत दोनदा मी आश्लेषाला सांगायला गेले, काढून टाक तो फोटो. दोनदा तोंडातून दुसरंच काही निघालं. शाल घेतलीस का माझी, असलं काहीतरी.

लायब्ररीच्या हॉलमध्ये बरीच मंडळी आली होती. आमच्या वेळचे निवृत्त डॉक्टर-इंजिनिअर, आणि आयटीतल्या मुलांकडे पुण्या-नागपुराहून काही महिने काढायला आलेले आईवडील. नागपूरचा श्रीराम मंडळाचा सेक्रेटरी, माइक त्याच्या हातात. तो कुणालाही सोडत नाही. यांना म्हणाला, काका, किल्ले किती जिंकले ते आधी सांगा, मग चहा. आश्लेषा लॅपटॉपपाशी बसली, केदार आणि आरोही मागे. हे छान बोलले. आपल्या गावाचं नाव जिथून आलं त्या गावापासूनच सुरुवात केली. डेन्बीची टेकडी आधी ज्याच्या ताब्यात होती तो वेल्श राजपुत्र दावीद, त्याला पकडून त्या श्रूजबरीतच कसं हाल करून मारलं, मग एडवर्डनं त्याची जमीन आपल्या सरदारांत कशी वाटली. मग एकेक किल्ला, आणि प्रत्येकापाशी मी. "शैलजा, पाच फूट एक इंच." लोक हसत होते. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी वळून माझी उंची डोळ्यांनी तपासली. मग डेन्बीचा दरवाजा आला, तीन बुरूज, कमानीवरचा राजाचा झिजलेला पुतळा. हा किल्ला पुरा झाला नाही, हे म्हणाले. आणि आश्लेषानं पुढची कळ दाबली.

पडद्यावर ती बाई भिंतीएवढी मोठी आली. मला त्यांची पाठ दिसत होती, हातातली लाकडी काठी पडद्याकडे नेलेली आणि तिथेच थांबलेली. श्रीराम म्हणाला, "अरे वा काका, इथं तर फोकस काकूंवर गेला अन् किल्ला राहिला!" मोठा हशा पिकला. काठी तरी हलली नाही. हशा आपोआप ओसरला. मला वाटलं, आता म्हणतील, पुढची लाव. मी शाल घट्ट धरली. तेवढ्यात त्या पुण्याच्या बाईंनी, बहुधा शांतता नको वाटून, विचारलं की डॉक्टर, किल्ला अर्धवट का राहिला म्हणालात?

काठी खाली आली. "त्या सरदाराचा मुलगा विहिरीत पडून गेला," हे म्हणाले. "थोरला. मग त्याला पुढे बांधवेना." पैसे संपले असतील, असं म्हणाले नाहीत. इतिहासात आधार नाही, असंही म्हणाले नाहीत. मग काठीनं त्यांनी पडद्याच्या डाव्या कडेच्या बाहेर, नुसत्या भिंतीवर एक जागा दाखवली, माझी नजर फोटोत जिकडे गेली होती तिकडे. "इथे खाली चॅपल आहे. फोटोत येत नाही. तिथे आमची थोडी जागा आहे."

"म्हणजे वेल्समध्येपण प्रॉपर्टी!" श्रीराम म्हणाला. "काका, तुम्ही तर भारी निघाले. किती एकर?"

"अडीच फूट," हे म्हणाले.

दोघं-तिघं हसले आणि मधेच थांबले. श्रीरामनं माइक बंद केला, खाली बघितलं. तो बिचारा काय करणार. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, केदार उभा राहिला असावा. आश्लेषाचं बोट कळीवर होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला सगळं नाही तरी पुरेसं कळलं आहे. मी तिला म्हटलं, "राहू दे जरा." माझा आवाज हॉलभर ऐकू गेला असणार, कारण हे वळले. पडद्याचा उजेड त्यांच्या अर्ध्या तोंडावर पडला होता, आणि माझ्या कोटाचा मरून रंग त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. इतक्या लोकांत ते फक्त माझ्याशी बोलले, घरी जेवताना बोलतात त्याच आवाजात.

"मोजली नव्हती गं. हातांवरून नेली, त्यावरून सांगतोय."

ती पेटी केवढी होती हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी शालीच्या आत दोन्ही हात पुढे घेतले, तळवे वर केले, आणि त्यांच्यात तेवढं अंतर धरलं.